टू-स्ट्रोक : नवीन पॅकिंग टाकल्यावर हेडचे नट पुन्हा आवळायचे का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी यामाहा आरएक्स १००, १९९३ची. बोअर करून नवा पिस्टन आणि नवं हेड पॅकिंग (इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली चकती) टाकलं आहे. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "पाचशे किलोमीटर झाले की घेऊन या, हेड एकदा आवळून देतो."

परवा नेली. मी वीसेक किलोमीटर चालवत गेलेलो, इंजिन तापलेलं. गाडी स्टँडवर लावतोय तोवर त्यांच्या पोराने गोटी पान्याला हातभर पाइप अडकवून पहिल्या नटावर जोर लावायला घेतला. मी त्याला थांबवलं आणि काहीतरी कारण काढून गाडी परत आणली. ऑफिसातला एक जण म्हणतो की एकदा बसवलेल्या हेडला हात लावायचाच नाही.

आता प्रश्न :
आवळायचं की नाही? आवळायचं तर गरम असताना की गार? आणि टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की 'टक' वाजणारा) विकत घ्यावा लागेल, की हाताचा अंदाज पुरतो?

अजून एक. उजव्या बाजूला हेड आणि ब्लॉकच्या सांध्याखालच्या दोन पाकळ्यांवर (इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) काळपट तेलकट थर दिसतो. पुसला की चार दिवसांनी परत येतो.

भरधाव_बाळू
पळतीये ना? मग सोडा की राव.

बिडाचा_ब्लॉक
बाळू, तो काळा थर वाचलास का? पॅकिंगमधून गॅस निसटतोय. आज थर आहे, उद्या प्लग काढून पाहिलं तर कॉम्प्रेशन पडलेलं.

कृष्णाकाठ, मिस्त्रींचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्यांच्या पोराची पद्धत चूक आहे. नवीन पॅकिंग दाबाखाली आणि उष्णतेखाली बसतं, म्हणजे थोडं चेपतं. ते चेपलं की स्टडवरचा (नट ज्यावर बसतो त्या दांड्यावरचा) ताण तेवढा उतरतो. नट जागचा फिरलेला नसतो, तरी पकड कमी झालेली असते. म्हणून इंजिन काही वेळा पुरतं तापून गार झालं की एकदा तपासायचं. माझ्याकडे येझदी आहे आणि मी तांब्याचं पॅकिंग वापरतो. त्याला तर हे लागतंच.

तांब्याचं पॅकिंग पुन्हा वापरणार असाल तर आधी लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं लोखंडासारखं विझवल्यावर कडक होत नाही, उलट नरम पडतं. बरेच लोक घाबरून ते हवेत गार होऊ देतात. तसंही चालतं, पण पाण्यात टाकलं तर वरची काळी खपली सुटून निघते, साफ करायचा त्रास वाचतो.

मोजपट्टी
गरम की गार, त्याचं उत्तर देते (मी डिप्लोमाला मशीन डिझाइन शिकवते, त्यामुळे जरा लांबेल).

आरएक्सचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉकही ॲल्युमिनियमचाच, आत बिडाचा स्लीव्ह. स्टड पोलादाचे. दर अंशाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं : मीटरला अंदाजे २३ मायक्रॉन विरुद्ध १२. म्हणजे इंजिन तापलं की हेड स्टडला ताणत असतं आणि नटावरचा ताण वाढलेला असतो. त्या अवस्थेत टॉर्क पाना 'टक' वाजला तर तुम्ही काय मोजलं? तापमानाने वाढलेला ताण मोजला. गार झाल्यावर तो उतरणार. उलट गरम ॲल्युमिनियममध्ये आटे जरा नरमच असतात, तिथे पाइप लावून पिळलं तर स्टड आट्यांसकट वर यायची भीती.

म्हणून रात्रभर गार झालेलं इंजिन, सकाळी पहिलं काम. कंपन्यांच्या मॅन्युअलमधले आकडे इंजिन साधारण खोलीच्या तापमानाला आहे असं धरूनच दिलेले असतात.

इचलकरंजीचा_टर्नर
ताई, तुमचं शास्त्र मान्य. पण भावा, आमच्याकडं चाळीस वर्सं टॉर्क पाना नव्हता आणि गाड्या पळत होत्या. अंगठा पान्याच्या डोक्यावर, चार बोटं दांड्यावर, आखूड रिंग पाना. मनगटानं आवळायचं, खांदा लावायचा न्हाई. जिथं नट थांबतो तिथनं थोडं पुढं, बास. पाना जेवढा लांब तेवढं नुकसान जास्त.

आमच्या मेव्हण्यानं नवीन टॉर्क पाना आणला, अर्ध्या इंची, ट्रकच्या चाकाचा. त्यावर सगळ्यात कमी आकडा ४० होता. पाना काय वाजला न्हाई, स्टड मात्र वाजला. माझ्याकडं आला आटे भरायला.

मोजपट्टी
टर्नरभाऊ, मेव्हण्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की :) टॉर्क पाना आपल्या पल्ल्याच्या अगदी खालच्या टोकाला भरवशाचा नसतो. ४० ते २०० वाला ८ एमएमच्या नटाला कुचकामी. ३/८ इंची, ५ ते २५ किंवा १० ते ६० न्यूटन-मीटरवाला घ्या. वापरून झाला की सेटिंग सर्वात खाली आणून ठेवा, आतली स्प्रिंग दाबून ठेवू नका.

आणि मनगटाबद्दल. तुमचं मनगट चाळीस वर्षांचं आहे, कृष्णाकाठ यांचं नाही. आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घर्षणात जातो, त्याहून थोडा कमी आट्यांच्या घर्षणात. प्रत्यक्ष स्टड ताणायला दहा टक्के वगैरे उरतो. म्हणून गंजका आटा, कोरडा आटा आणि तेल लावलेला आटा यांत हाताला जाणवणारा जोर तोच असला तरी पकड पार वेगळी मिळते. मॅन्युअलमध्ये आकडा कोरड्या आट्यासाठी असेल आणि तुम्ही तेल लावलंत तर नकळत जास्त ताणाल.

भरधाव_बाळू
म्हणजे शंभरातले नव्वद वाया. सरकारी योजनाच म्हणा की.

पुलगेट_ते_पाषाण
एकक बघा, एकक! जुन्या मॅन्युअलात किलो-मीटर, इंग्रजी मॅन्युअलात फूट-पाउंड, नवीन पान्यावर न्यूटन-मीटर. समजा पुस्तकात २.२ किलो-मीटर आहे. ते झाले २२ न्यूटन-मीटर, किंवा १६ फूट-पाउंड. आमच्या ग्रूपमधल्या एकाने २२ वाचलं आणि पाना फूट-पाउंडच्या बाजूने लावला. म्हणजे ३० न्यूटन-मीटर. तिसऱ्या नटाला आटे बसले.

कृष्णाकाठ
मग आरएक्सचा नेमका आकडा कुणी सांगेल का?

पुलगेट_ते_पाषाण
धाग्यावरचा आकडा वापरू नका, कुणीही सांगितला तरी. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलं टॉर्कचं पान बघा. स्कॅन केलेली प्रत मिळते. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये एक सर्वसाधारण तक्ताही असतो : ६ एमएम आट्याला ६ न्यूटन-मीटर, ८ एमएमला १५, १० एमएमला ३०. पण तो तक्ता 'जिथे वेगळं काही दिलेलं नाही' अशा नटबोल्टांसाठी. हेडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोच धरा.

पणजीचा_पाऊस
आमच्या गोव्याकडची गोष्ट वेगळी. आरएक्सच्या हेडचे नट पाकळ्यांच्या मधे खोल बसलेले. पावसात तिथे पाणी साचतं, गाडी समुद्राजवळ ठेवत असाल तर खारी हवा वेगळीच. नट वरून ठीक दिसतो, वायसरखाली गंजाची भुकटी. तो गंजलेला नट टॉर्क पान्याला 'घट्ट आहे' म्हणूनच सांगणार, आतली पकड असो नसो.

मी आधी दातांच्या जुन्या ब्रशने खड्डा साफ करतो, डिझेलचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवतो, सकाळी पुसून घेतो. मगच पाना. आणि काम झाल्यावर नटावर ग्रीसचा हलका हात, आट्यावर नाही.

बिडाचा_ब्लॉक
हे महत्त्वाचं आहे. याच्याच पुढचा मुद्दा : बसलेला नट जागचा हलवायला जास्त जोर लागतो. पाना २२ वर लावला, टक वाजला, नट हललाच नाही. तर पकड पुरेशी आहे, की नुसताच चिकटलाय, कसं कळणार? म्हणून मी एका वेळी एकच नट पाव फेरा सैल करतो आणि मग एका सलग हालचालीत परत आकड्यापर्यंत आणतो. मधे थांबायचं नाही. थांबलात की परत चिकटतो.

इचलकरंजीचा_टर्नर
ह्ये मात्र पटलं न्हाई. बसलेलं पॅकिंग सैल करायचं कशाला? एका कोपऱ्यानं उचललं गेलं तर पॅकिंगला वाट मिळाली. थेट पुढं आवळा, हलला तर हलला.

बिडाचा_ब्लॉक
चारही एकदम सैल केलेत तर तुमचं खरं. एकच पाव फेरा सैल केला तर बाकीचे तीन धरून ठेवतात. आधी नट आणि हेडवर मिळून मार्करने एक रेघ ओढा. परत आवळल्यावर नट रेघेच्या पुढे गेला तर पकड कमी झाली होती. रेघेवरच थांबला तर काही बिघडलं नव्हतं, आणि तुम्ही काही बिघडवलंही नाही.

इचलकरंजीचा_टर्नर
रेघेची आयडिया चांगली हाय. सैल करायचं अजून पटलेलं न्हाई.

मोजपट्टी
दोन्ही पद्धती मॅन्युअलांमध्ये सापडतात, त्यामुळे भांडण चालू द्या. एक मात्र दोघांनाही मान्य असावं : क्रम तिरका. समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन. डब्याचं झाकण एका बाजूने दाबलं की दुसरी बाजू उचलते, तेच इथे. नवीन बसवताना दोन-तीन टप्प्यांत वाढवत न्यायचं, नुसतं तपासताना एकाच टप्प्यात.

जुनी_आरसी
शीर्षक 'टू-स्ट्रोक' आहे म्हणून बरं. काल दुसऱ्या एका धाग्यावर आरएक्सला व्हिंटेज म्हटलेलं वाचलं आणि चहा सांडला. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. त्याप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज. नंबरात 'व्हीए' येतं, नवीन नोंदणीची फी वीस हजार. आरएक्स आपल्याकडे आली १९८५ला. हिशोब करा.

भरधाव_बाळू
म्हणजे २०३५ला फी भरायची. तोवर हेड आवळत बसू.

जुनी_आरसी
राजदूत ३५० आरएक्सच्या दोन वर्षं आधीची, तीही नाही बसत. साठच्या दशकातली म्हैसूरची जावा बसते. आणि व्हिंटेजची नोंदणी केली की रोज ऑफिसला न्यायची सोय गेली, तो वापर नियमात नाही. मग हेड आवळून तरी काय करणार, प्रदर्शनात गाडी तापते कुठे?

बिडाचा_ब्लॉक
जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला पुण्यात या, दाखवतो कुठे तापते ते.

ओपीडीनंतर
कृष्णाकाठ, सगळे हेडवर अडकलेत, पण टू-स्ट्रोकला मारतं ते हेड नाही. हेडमधून गॅस बाहेर जातो, आवाज येतो, थर दिसतो, लोक लक्ष देतात. मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारी नळी), रीड व्हॉल्व्हचं पॅकिंग, क्रँककेसचा (इंजिनच्या खालच्या पेटीचा) सांधा आणि मॅग्नेटोच्या बाजूचं ऑइल सील इथून हवा आत येते. दिसत काहीच नाही. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे तिथे आलेली हवा म्हणजे पेट्रोल कमी आणि त्यासोबतचं तेलही कमी. गाडी आधी छान हलकी पळते, मालक खूश. मग लांब चढावर पिस्टन जाम.

मी असं तपासतो. सायलेन्सर काढून तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी आवळायची. कार्ब काढून तिथे रबरी बूच. प्लगच्या भोकातून हवा भरायला बीपीच्या जुन्या मशिनचा फुगा आणि त्याचं घड्याळ. ३०० पर्यंत पंप करायचं. ते पारा मिलिमीटर, म्हणजे सहा पीएसआयला जरा कमी. त्याहून जास्त भरू नका, सील उलटतात. काटा पाच-सहा मिनिटं जागेवर राहिला तर इंजिन हवाबंद आहे. पडला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जायचं, बुडबुडे सांगतात.

पुलगेट_ते_पाषाण
डॉक्टर, पेशंटला वरचं किती आणि खालचं किती?

ओपीडीनंतर
वरचं ३००, खालचंही ३०० पाहिजे. खाली आलं तर ॲडमिट.

वऱ्हाडी_कीक
राजे हो, क्रँककेसच्या सांध्यातून हवा येते म्हणता, म्हंजे तिथले स्क्रू आवळणं आलं, पण ते आवळता येतात का आधी? जपानी गाडीच्या चार-धारी स्क्रूची खाच आपल्या साध्या फिलिप्स डिसमिसच्या खाचेसारखी नसते. फिलिप्सची रचनाच अशी की जोर वाढला का डिसमिस वर सरकते. मग स्क्रूचं डोकं गोल. मंग छिन्नी अन् हातोडी. कोण्याही जुन्या आरएक्सचं क्लच कव्हर पाहा, अर्ध्या स्क्रूंवर छिन्नीचे घाव दिसतेत.

जेआयएस (जपानी मानक) टोकाची डिसमिस मिळते, तेच घ्या. नाही मिळाली तर हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. अन् एकदा निघाले का सगळे ॲलन बोल्ट टाकून द्या.

मोजपट्टी
ॲलन बोल्टबद्दल सावध करते. स्क्रूचं डोकं निसटायचं, तेच एका अर्थी संरक्षण होतं. ॲलन की निसटत नाही, त्यामुळे माणूस पिळतच राहतो, आणि आत ६ एमएमचा ॲल्युमिनियमचा आटा आहे. आखूड कीच्या छोट्या बाजूने आवळा.

वऱ्हाडी_कीक
ते बरोबर हाय ताई. अन् लांबी सारखी घ्या. मूळ स्क्रूपेक्षा लांब बोल्ट बुडाला टेकला तर घट्ट वाटते अन् कव्हर सैल राहते.

नीरेचा_वळसा
माझ्या येझदीचा प्रश्न याच धाग्यात विचारू का? दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाचे गोल नट दर दोन आठवड्यांनी सैल होतात. मिस्त्री हातोडी आणि पंचने मारून आवळतो, एका नटाच्या दोन पाकळ्या उडाल्या.

बिडाचा_ब्लॉक
हुक पाना घ्या, किंवा लेथवाल्याकडून पट्टीचा बनवून घ्या. पंच थांबवा. आतलं पॅकिंग चपटं झालं असणार, ते आधी बदला. मग नट हाताने शेवटपर्यंत जातो का बघा, आट्यांत कार्बन अडकला असेल तर तारेच्या ब्रशने काढा. मागचा सायलेन्सरचा क्लँप आधी आवळलेला असेल तर पाइप वाकडा ताणलेला राहतो आणि कंपनाने पुढचा नट सुटतो. पुढचा नट आधी, मागचा क्लँप शेवटी.

हा एक नट मी कोमट इंजिनवर पुन्हा आवळतो. मोजपट्टीताई ओरडतील.

मोजपट्टी
नाही ओरडणार. तिथे मोजायचा आकडाच नाही, ताण धरायचा स्टडही नाही.

इचलकरंजीचा_टर्नर
आं? येझदीला गरम चालतंय आणि आरएक्सला न्हाई?

मोजपट्टी
सायलेन्सरला चालतं, हेडला नाही. दोन्ही गाड्यांना.

कृष्णाकाठ
रविवारी सकाळी करून पाहिलं. ३/८चा पाना मित्राकडून मिळाला. गाडी आदल्या दुपारपासून उभी होती. टाकी उतरवली, नाहीतर पाना तिरका लागतो. खड्डे ब्रशने साफ केले, डावीकडच्या मागच्या खड्ड्यात चक्क चिखल वाळलेला होता. पांढऱ्या मार्करने चार रेघा. एकेक नट पाव फेरा सैल, मग परत.

डावीकडचे दोन बरोबर रेघेवर थांबले. उजवीकडचा मागचा रेघेच्या किंचित पुढे. उजवीकडचा पुढचा मात्र जवळजवळ पाऊण सूत पुढे गेला, आणि काळा थर येतो तो नेमका त्याच्याच खाली. थर साफ पुसून ठेवला आहे.

डॉक्टरसाहेबांचा प्रयोग अजून केला नाही. पण मॅनिफोल्डचे बोल्ट बघितले तर एक बोटानेच फिरला.

ओपीडीनंतर
बघा! आता तो आवळून कार्बचं मिश्रण परत लावा. आधीची सेटिंग त्या हवेसकट केलेली होती. प्लगचा रंगही बघा, पांढरा असेल तर लांब जाऊ नका.

पणजीचा_पाऊस
थर परत आला तर आणखी आवळू नका. मग हेडचं तोंड वाकलंय. जाड काचेवर ४००चा पॉलिश पेपर चिकटवून हेड आठच्या आकड्यासारखं फिरवा. सगळीकडे एकसारखा मॅट रंग आला की झालं. चकाकणारा डाग राहिला तर तिथे खड्डा आहे.

कृष्णाकाठ
ठीक. अजून दोनेकशे किलोमीटर चालवतो आणि गार असताना रेघा परत बघतो. हलल्या नाहीत तर पुढच्या पॅकिंगपर्यंत हात लावत नाही.

बिडाचा_ब्लॉक
बरोबर. दर महिन्याला पाना घेऊन बसलात तर टर्नरभाऊंकडे आटे भरायला जावं लागेल.

इचलकरंजीचा_टर्नर
या की. हेलिकॉइल (तारेचा नवा आटा) घालून देतो, चहा फुकट. पण पाइप लावणारं त्ये पोरगं कुठल्या दुकानातलं, तेवढं व्यनि (खाजगी निरोप) करा. आमच्याकडं अशा गिऱ्हाइकांची गरज हाय.

नीरेचा_वळसा
ता.क. हुक पाना पट्टीचा बनवून घेतला. पाकळ्या उडालेला नट मात्र कुठे मिळेल? डाव्या आणि उजव्याचा आटा सारखाच असतो का?